बंगळुरूमध्ये मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, असे कॉफीचे ठिकाण कुठे मिळेल?

नाशिकची_मेघना: नोकरीनिमित्त मी नुकतीच बंगळुरूला आले असून जयनगरात राहते. घराजवळ मोठ्या साखळ्यांची कॅफे आहेत, पण तिथे दर वेळी नवा चेहरा समोर असतो आणि कॉफीची चवही सगळीकडे एकच. जिथे मालक स्वतः गल्ल्यावर असतो, आसपासची माणसे रोज येतात आणि सकाळी तासभर पुस्तक वाचत बसले तरी कोणी उठवत नाही, असे ठिकाण मला हवे आहे. इथे जुने झालेले मराठी लोक ते कुठे शोधतात?

बसवनगुडीकर: तुम्ही मागितलेल्या गोष्टी या शहरात सहसा एका छपराखाली मिळत नाहीत, हे आधीच सांगतो. इथली अस्सल कॉफी उभ्यानेच प्यायची असते. 1980च्या दशकात उभ्याने खाण्याच्या 'दर्शिनीं'ची लाट तुमच्या जयनगरातूनच पसरली. शंकरपुरममधल्या, 1965पासून चालू असलेल्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये इडली, वडा, खारा भात (रव्याचा उपमा), केसरी भात (रव्याचा शिरा) आणि कॉफी-चहा एवढेच मिळते. सांबार नाहीच, चटणी मात्र मागाल तितकी वाढतात. ताटली हातात धरून फुटपाथवर उभे राहायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या आजोबांशी बोलायचे, हीच तिथली रीत आहे. गांधी बाजारच्या विद्यार्थी भवनात (स्थापना 1943) टेबले आहेत, पण सुट्टीच्या सकाळी रांग लागलेली असताना तिथे पुस्तक उघडणे मला तरी योग्य वाटत नाही. ब्राह्मिन्स रविवारी आणि विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असते.

डिकॉक्शन: नावाजलेल्या ठिकाणांपेक्षा तुमच्या गल्लीतले ठिकाण शोधा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याची सुरुवात कॉफी दळून देणाऱ्या दुकानापासून करा. जुन्या वस्त्यांत अशी दुकाने अजून आहेत. भाजलेल्या बियांच्या वासावरूनच ती सापडतात. तिथे पीबेरी आणि प्लांटेशन ए हे कॉफीच्या बियांचे दोन प्रकार निम्मे-निम्मे आणि त्यात चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) शेकडा वीस, अशी पाव किलो पूड दळून घ्या आणि जवळपासचे कोणते हॉटेल याच दुकानातून पूड नेते, ते विचारा. मग त्या हॉटेलात सकाळी लवकर जा, कारण पहिल्या धारेचे डिकॉक्शन, म्हणजे पुडीतून गाळून काढलेला कॉफीचा दाट अर्क, तेव्हाच मिळते. नंतर त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतलेले असले, तर कॉफी रंगाला गडद पण चवीला पोकळ लागते. सोबत कोणी असेल तर 'बाय टू' म्हणा, एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून देतात.

चर्च_स्ट्रीट: वाचत बसण्यासाठी इंडिया कॉफी हाउसला जा. 2009मध्ये एम. जी. रोडवरची जुनी जागा सुटल्यावर ते चर्च स्ट्रीटवर आले. एकटा मालक तिथे नाही, कारण 1957मध्ये स्थापन झालेली कामगारांची सहकारी संस्था ते चालवते. म्हणजे फेटा बांधून कॉफी आणून देणारी माणसेच त्याची धनी आहेत, आणि मला हे मालक गल्ल्यावर असण्याहून मोलाचे वाटते. दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर जा आणि तासाभरात किमान दोनदा काहीतरी मागवा.

नाशिकची_मेघना: मनापासून आभार. उद्या सकाळी दळणाचे दुकान शोधायला निघते. वाचन शनिवारी दुपारी, चर्च स्ट्रीटवर.