कोरोनात आलेले ते २००० रुपये मदत होती की आपलाच हप्ता?

तापीकाठ_यावल:
राम राम मंडळी. आमची ४ एकर केळी आहे. एप्रिल २०२० मध्ये वडलांच्या खात्यावर २००० रुपये पडले, तेव्हापासून घरात त्याला कोरोनाचे पैसेच म्हणतात. परवा पारावर वाद झाला, एक जण म्हणे मदत कसली, तो आपलाच पीएम किसानचा हप्ता. त्यात माझा चुलतभाऊ अमेरिकेत आयोवात नोकरीला, तो सांगतो तिकडं मकावाल्यांना कोरोनाचे वेगळे पैसे मिळाले. त्या उन्हाळ्यात आमचे घड गाडी मिळाली नाही म्हणून झाडावरच पिवळे पडले, व्यापारी फोन उचलेना, शेवटी गुरांपुढे टाकले. खरं काय ते कोणी नीट सांगेल का?

चोपडेकर:
दादा, पारावरचा माणूस बरोबर आहे. पीएम किसानचे वर्षाला ६००० असतात, २००० चे ३ हप्ते. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्र्यांनी पॅकेज जाहीर केलं त्यात एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच टाकू असं होतं. म्हणजे लवकर आला, जास्तीचा नाही आला. जास्तीचं म्हणाल तर महिलांच्या जनधन खात्यावर ५०० रुपये ३ महिने, आणि रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट. केळी सडली त्याचा त्या २००० शी काही संबंधच नव्हता, २ एकरवाल्याला तेवढेच आणि १० एकरवाल्यालाही तेवढेच.

धुळे_मका:
चुलतभाऊ खरं सांगतो. तिकडच्या योजनेचं नाव कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम, अर्ज काउंटीच्या शेती ऑफिसात, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. जानेवारी ते एप्रिल २०२० मध्ये ज्या मालाचा भाव ५ टक्के किंवा जास्त पडला तो माल पहिल्या फेरीत धरला, मका, कापूस, दूध, गुरं वगैरे. एका माणसाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. मोठ्यांना मोठे चेक गेले हे खरं, पण मला त्यातली एकच गोष्ट पटली, पैसे पिकाची जोखीम ज्याच्या अंगावर त्याला. नुसतं रोख भाडं घेणारा जमीनमालक त्यात बसत नव्हता.

शहादा_कापूस:
भाऊ, हे शेवटचं वाचून पोटात तुटलं. मी ६ एकर ठोक्यानं करतो, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे मालकाला देऊन, मालक पुण्यात. बियाणं माझं, खत माझं, वेचणीची मजुरी माझी, आणि २००० मालकाच्या खात्यावर कारण सातबारा त्यांचा. त्या वर्षी कापूस मे महिन्यापर्यंत घरात पडून होता. सरकारी खरेदीला क्विंटलला ५५५० भाव होता, पण तिथंही सातबारा मागतात, मालक म्हणे लॉकडाऊन उठल्यावर बघू, मग गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला पडेल त्या भावात घालून मोकळा झालो, ठोक्याचे पैसे मात्र अक्षय्य तृतीयेला पूर्ण मोजले.

तापीकाठ_यावल:
लेखी करार का नाही करून घेत? पीक विम्याला तरी चालेल.

शहादा_कापूस:
दोनदा विचारलं. मालक म्हणतात कागद झाला की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल.

चोपडेकर:
ती भीती १९४८ च्या कूळ कायद्यापासूनची आहे, आपल्याकडं अजून जात नाही. तरी तुम्ही बियाणं, खत, फवारणीच्या पावत्या स्वतःच्याच नावानं घ्या, मालकाच्या नावानं एकही नको. आणि मालक गावी येतील तेव्हा मला कळवा, मी येतो सोबत बोलायला.