बॉम्बर विमानांतल्या माणसांची स्मारकं बघायची आहेत, कुठे जावं?

निशिगंध_लेस्टर

नमस्कार मंडळी. मे अखेरीस मुलाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे आणि सासरे पुण्याहून आले आहेत. मुलगा पंधरा वर्षांचा. शाळेच्या प्रकल्पासाठी त्याने दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर विमान निवडलं. आधी नुसते इंजिनाचे आकडे सांगायचा. आता विचारतो, की शेपटीतला तो गनर रात्रभर थंडीत एकटा बसून काय करत असेल? म्हणून नुसतं विमानांचं संग्रहालय नको आहे. त्या क्रूची आठवण जिथे नीट जपली आहे, अशी ठिकाणं सुचवा. गाडी आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको. दोन-तीनच ठिकाणं, पण निवांत.

कोकणकडा

निशिगंधताई, तुम्ही लेस्टरला, म्हणजे लिंकन अगदी हाताशी. आधी तिथेच जा. लिंकनशायरला ‘बॉम्बर काउंटी’ म्हणतात, बॉम्बर विमानांचे इतके तळ या एका परगण्यात होते.

शहराच्या दक्षिणेला कॅनविक हिलवर इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर आहे (बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाईदलाची बॉम्बर विमानांची शाखा). गाडी थेट वरपर्यंत जाते. मधोमध गंजल्या रंगाच्या पोलादाचा उंच मनोरा आहे. उंची ३१.०९ मीटर, म्हणजे १०२ फूट, लँकेस्टरच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर तेवढंच अंतर. मुलाला आधी सांगू नका, त्याला स्वतःला ओळखू दे. भोवती त्याच पोलादाच्या भिंती आणि त्यांवर कोरलेली, बॉम्बर कमांडच्या सेवेत गेलेल्यांची जवळजवळ ५८,००० नावं. अक्षरं आरपार कापलेली आहेत, बोट फिरवता येतं. लोक त्यांत युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची कागदी पॉपीची फुलं खोचून जातात.

टेकडीवरून समोर लिंकन कॅथीड्रल दिसतं. परतणारे क्रू हेच मनोरे शोधायचे, ते दिसले की घर आलं. तेव्हा उतरल्यावर कॅथीड्रलमध्येही जा. तिथे हवाईदलाचं छोटं प्रार्थनास्थळ आहे, आणि इथल्या तळांवरून गेलेल्यांच्या नावांच्या स्मरणवह्या आहेत. फक्त कॅथीड्रलच्या बाजूचा रस्ता फार चढाचा आहे. सासऱ्यांना गाडीने वरच सोडा.

एक विनंती: जाण्याआधी सेंटरचा ऑनलाइन शोध वापरा. मुलाला एक नाव निवडू द्या. कुठल्या रात्री, कुठल्या विमानातून, सोबत कोण होते, हे बहुतेकदा सापडतं. मग भिंतीवर तेच नाव शोधायचं. नाहीतर एवढ्या नावांपुढे माणूस नुसता बघत राहतो आणि कोणीच लक्षात राहत नाही.

धुकंआणिडोंगर

लिंकनला +१. पण ईस्ट कर्कबी सोडू नका, लिंकनशायर एव्हिएशन हेरिटेज सेंटर. माझ्या मते तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

हा खरा युद्धकाळातला तळ, ५७ आणि ६३० स्क्वाड्रनचा. आता त्या जागेवर शेती आणि संग्रहालय. ते उभं केलं फ्रेड आणि हॅरल्ड पँटन या दोन शेतकरी भावांनी. त्यांचा थोरला भाऊ क्रिस्टोफर हॅलिफॅक्स विमानावर फ्लाइट इंजिनिअर होता. १९४४ च्या ३० मार्चच्या रात्री न्युरेम्बर्गवर ७९५ विमानं गेली, त्यांतली ९५ परत आली नाहीत. क्रिस्टोफर त्यांतल्याच एकात होता. बॉम्बर कमांडची ही सगळ्यात वाईट रात्र. पुढे या भावांनी ‘जस्ट जेन’ ही लँकेस्टर विकत घेतली. ती उडत नाही, पण चारही मर्लिन इंजिनं चालू करून तिला मैदानात फिरवतात. त्या वेळी जवळ उभं राहिलं की छातीत हादरे बसतात.

आतून बघता आलं तर मुलाला जरूर पाठवा. धडाच्या मधून पंखांची जाडजूड आडवी तुळई जाते, ती ओलांडून पलीकडे जावं लागतं. जाड कपडे, पॅराशूटचे पट्टे, त्यात अंधार आणि कलंडणारं विमान. ही तुळई पार करून बाहेर पडणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. शेपटीतला गनर तर बाकी सहा जणांपासून पार तुटलेला, फक्त इंटरकॉमवर आवाज. सासऱ्यांना आत चढायला लावू नका, बाहेरून छान दिसतं. इंजिनं कुठल्या दिवशी चालवतात ते आधी बघून तिकीट काढा, ऐन वेळी मिळत नाही.

सावली_लंडन

लंडनला येणार असाल तर ग्रीन पार्कमधलं बॉम्बर कमांड मेमोरियल, हाइड पार्क कॉर्नर स्टेशनजवळ. सपाट, फुकट. राणीने २०१२ मध्ये अनावरण केलं, म्हणजे युद्ध संपून ६७ वर्षांनी! ब्राँझचे सात जण, नुकतेच मोहिमेवरून परतलेले. छताकडे बघायला विसरू नका. १९४४ मध्ये बेल्जियममध्ये कोसळलेल्या एका हॅलिफॅक्सचं अॅल्युमिनियम त्यात वापरलंय. १९९७ मध्ये ते विमान जमिनीतून उकरून काढलं, तेव्हा क्रूमधले तिघे आतच सापडले.

रनीमीडचं एअर फोर्सेस मेमोरियलही सुंदर आहे. ज्यांची कबरच नाही अशा २०,००० हून जास्त जणांची नावं. ब्रिटिशांची गुप्तहेर नूर इनायत खानचं नावही तिथेच.

एल्बेकाठी

मी हॅम्बुर्गला राहतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. बॉम्बर कमांडच्या विमानांतून उडणाऱ्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ गेले, सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीतले. त्यांची आठवण ठेवायलाच हवी. पण बॉम्ब जिथे पडले ती बाजू मुलाला दाखवल्याशिवाय प्रकल्प पुरा होणार नाही. जुलै १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांत आणि त्यांनी लागलेल्या आगीत इथे ३०,००० हून जास्त माणसं गेली. सेंट निकोलाय चर्चचा पडका मनोरा तसाच ठेवलाय. तळघरातल्या प्रदर्शनात हॅम्बुर्गच्या आधी जर्मनांनी वॉर्सा आणि कॉव्हेंट्रीवर केलेल्या बॉम्बहल्ल्यांची माहितीही आहे.

ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत क्रॉसच्या आकारात त्या आगीत गेलेल्यांची सामूहिक कबर आहे, आणि त्याच दफनभूमीत ब्रिटिश सैनिकांच्या विभागात वैमानिकांच्याही कबरी. मी दोन्हीकडे फुलं ठेवतो. काही कबरींचे दगड एकमेकांना चिकटून उभे असतात. एका विमानातले कोण कुठले हे ओळखता आलं नाही, की सगळ्यांना एकत्र पुरायचे.

सावली_लंडन

@एल्बेकाठी, पटलं. ग्रीन पार्कच्या स्मारकावरही १९३९ ते १९४५ च्या बॉम्बवर्षावात गेलेल्या सर्व देशांतल्या लोकांचा उल्लेख आहे. लिंकनच्या सेंटरनेही बॉम्ब झेललेल्या जर्मन आणि इटालियन नागरिकांच्या मुलाखती जपून ठेवल्या आहेत.

खडकीकर

सासरे पुण्याचे आहेत म्हणून लिहितो. त्यांना शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नाव सांगा. लँकेस्टरवर नेव्हिगेटर होते, डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. अंधारात, ताऱ्यांवरून आणि नकाशावरून विमानाला जर्मनीत नेऊन परत आणणारा आपला माणूस! मुलाच्या प्रकल्पात हे यायलाच हवं.

आणि पुण्याला याल तेव्हा खडकीची वॉर सिमेट्री. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून जास्त कबरी आहेत. इतकी नीटनेटकी जागा आपल्या शहरात आहे आणि आपण रोज तिच्यावरून गाडी दामटत जातो, याचं मला वाईट वाटतं. दगडांवरची वयं वाचा.

निशिगंध_लेस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. सुखटणकरांचं नाव सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते लगेच वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी कॅनविक हिल आणि कॅथीड्रल, दुसऱ्या दिवशी ईस्ट कर्कबी असं ठरतंय. लंडन नंतर कधीतरी, हॅम्बुर्ग दिवाळीच्या सुमारास जमवू. मुलाने नाव निवडायला घेतलंय, त्याला रिअर गनरच हवाय. शोधात क्रूमधल्या कामावरून गाळता येतं का?

कोकणकडा

त्याला आधी ईस्ट कर्कबीचं स्क्वाड्रन घ्यायला सांगा, ५७ किंवा ६३०. मग एकेक नोंद उघडून कोण कुठल्या कामावर होता ते बघायचं. वेळ लागेल, पण त्यात बाकीचे सहा जणही भेटतील. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच धावपट्टीच्या जागेवर असाल.