आयरिश खासदार खरंच विकले गेले होते का? (डाउनशरच्या ५२,५०० पौंडांची गोष्ट)

उंबरठा (धागाकर्ता)

परवा शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. मथळा: 'जगातली पहिली खोकेबाज संसद'. मजकुराचा सारांश असा की १८०० साली डब्लिनच्या तीनशे खासदारांनी इंग्रजांकडून रोख मोजून घेतली, आपल्याच संसदेला टाळं ठोकलं आणि देश लंडनला जोडून दिला. शेवटी 'फितुरी त्यांच्या रक्तातच होती' हा शेरा. मी उत्तर लिहायला घेतलं, तर अ‍ॅडमिनने 'ग्रुपवर राजकारण नको' म्हणून दम दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं राजकारणही चालत नाही म्हणे. तर इथे लिहितो.

तीनशे जागा होत्या हे खरं. त्यात परगण्यांच्या ६४, ट्रिनिटी कॉलेजच्या २ आणि उरलेल्या २३४ बरोंच्या. बरो म्हणजे दोन-दोन जागांचा नगर-मतदारसंघ, पण प्रत्यक्षात तिथे गाव असेलच असं समजू नका. वेक्सफर्डमधलं बॅनो समुद्राच्या वाळूखाली गाडलं गेलेलं, तरी तिथून दोन खासदार निवडून यायचे! अशा जागा कुणा ना कुणा सरदाराच्या खिशात असायच्या. त्या विकल्या जात, भाड्याने दिल्या जात, वारसाहक्काने उतरत. सरळ वतन. आमचे पणजोबा कुलकर्णी होते. वतन खालसा झालं तेव्हा त्यांना जी भरपाई मिळाली तिला कुणी लाच म्हटलं नाही. (भरपाई इतकी किरकोळ होती की म्हणायची सोयही नव्हती.)

युनियनमध्ये (म्हणजे आयर्लंड लंडनला जोडण्याच्या त्या कायद्यात) जी बरो बुडाली, तिच्या मालकाला १५ हजार पौंड मिळाले, मत कुठेही दिलेलं असो. डाउनशरच्या मार्क्विसला सात जागांचे ५२,५०० मिळाले. हा गृहस्थ युनियनचा कट्टर विरोधक! त्या विरोधापायी त्याची मिलिशियाची कर्नलकी गेली, प्रिव्ही कौन्सिलमधून नाव कापलं गेलं, आणि तरीही पैसे पोचले. सभापती जॉन फॉस्टर शेवटपर्यंत विरोधात. त्यालाही भरपाई. विरोध करणाऱ्याला 'लाच' देणारं सरकार कुणी पाहिलंय का?

ठेचा_भाकरी

वा, म्हणजे १८०० साली डब्लिनमध्ये रामराज्य होतं. हे कळायचंच राहिलं होतं.

जानेवारी १७९९ मध्ये युनियनचा उल्लेख पाच मतांनी पडला. वर्षभरात असं काय झालं की फेब्रुवारी १८०० मध्ये तोच १५८ विरुद्ध ११५ ने पास झाला? साक्षात्कार? बढत्या, पेन्शनी, नव्या सरदारक्या यांचा पाऊस पडला त्याचं काय? अर्थमंत्री सर जॉन पार्नेल 'नाही' म्हणाला तर त्याला घरी बसवलं. खुद्द व्हाइसरॉय कॉर्नवॉलिस मित्राला पत्रात लिहितो की या घाणेरड्या कामात पडल्याबद्दल मला दर तासाला स्वतःची घृणा वाटते. ज्याने व्यवहार केला त्याला लाज वाटली, तुम्हाला वाटत नाही.

आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं सांगतो. विरोधातल्या चार जणांनाही बिल्डरने सगळ्यांइतकंच भाडं आणि कॉर्पस दिला. चेकने, पावतीसकट. पण सभेच्या आदल्या रात्री कुणाकडे काय पोचलं ते कुठल्या चेकवर नव्हतं. सकाळी हात वर झाले तेव्हा आम्ही चौघांचे दोघे उरलो होतो. तुमचे १५ हजार म्हणजे ते भाडं. आदल्या रात्रीचं बोला.

उंबरठा

आदल्या रात्रीचंच बोलू. १७९९ ला विरोधात एकशेदहाच्या आसपास मतं होती. १८०० ला ११५. विरोधक घटलेच नाहीत, उलट चार-पाच वाढले! वाढली ती सरकारची बाजू. म्हणजे पहिल्या खेपेला घरी बसलेले हजर झाले, आणि मधल्या वर्षात अनेक जागांवर माणसं बदलली. जागामालकाने जुन्याला राजीनामा द्यायला लावायचा आणि नवा बसवायचा. विरोधकांनीही तेच केलं. त्यांचा पुढारी हेन्री ग्रॅटन, त्याची विक्लोची जागा मतदानाच्या तोंडावर पैसे मोजूनच घेतलेली. आजारी माणूस, पहाटे व्हॉलंटियरांच्या (आयरिश स्वयंसेवक सैनिकांच्या) गणवेशात सभागृहात आणला, उभं राहवेना म्हणून बसून दोन तास बोलला. डोळे पाणावतात, मान्य. पण ती खुर्ची विकतची होती.

तुमच्या सोसायटीचं वाईट वाटलं.

डब्लिनकर

अकरा वर्षं इथे आहे. ऑफिस कॉलेज ग्रीनपासून चालत सात मिनिटं. ती संसद आता बँक आहे. इमारत १८०३ मध्ये बँक ऑफ आयर्लंडला विकली आणि कॉमन्सचं दालन मोडून टाकलं. लॉर्ड्सचं दालन मात्र जसंच्या तसं, ओकचं लाकूड, भिंतीवर बॉइनच्या लढाईचा विणलेला पडदा. बाहेरून पाहिलं तर भिंतींत खिडक्याच दिसत नाहीत, नुसते खांब. पाऊस आला की आम्ही त्या खांबांखाली उभे राहतो. आई आली होती तेव्हा म्हणाली, "एवढी मोठी इमारत आणि उजेडाची सोय नाही?"

एक नमूद करतो, इथे 'ग्रॅटनची संसद' म्हटलं की लोक हळवे होतात. पण १७८२ ला स्वातंत्र्य मिळवून दिलं म्हणून याच संसदेने ग्रॅटनला एक लाख पौंड द्यायचं ठरवलं आणि त्याने पन्नास हजार घेतले. फ्लड नावाच्या खासदाराने पुढच्याच वर्षी भर सभागृहात सुनावलं की हा भिकारी देशभक्त, देशाने याला विकत घेतला. ग्रॅटनने उलट त्याला मोडक्या चोचीचा अपशकुनी पक्षी ठरवलं. आणि फ्लड कोण? १७७५ ला सरकारची साडेतीन हजारांची नोकरी पत्करून वर्षानुवर्षं गप्प बसलेला. दोघे द्वंद्वाला निघाले होते, वाटेत अटक झाली.

रानजाई

तुमचं सगळ्यांचं झालं की मी बोलू का?

तीन-चतुर्थांश लोकसंख्या कॅथलिक. १७२८ पासून त्यांना मत नाही. १७९३ ला मत मिळालं, पण संसदेत बसायचा हक्क नाही. तीनशेंतला एकही खासदार कॅथलिक नाही. आणि आपण इथे 'देश विकला का' यावर बाह्या सरसावतोय! ज्यांचा देश त्यांना विचारलं कुणी? तुमचा तो सत्त्वशील फॉस्टर कॅथलिकांना हक्क द्यायच्या ठाम विरोधात होता. कित्येक बिशपांनी युनियनला पाठिंबा दिला, कारण लंडन तरी हक्क देईल अशी आशा दाखवली होती. राजा तिसऱ्या जॉर्जने राज्याभिषेकाच्या शपथेचं कारण काढून पाय ओढला, पंतप्रधान पिट राजीनामा देऊन मोकळा झाला, आणि हे लोक १८२९ पर्यंत ताटकळले.

वतनाची उपमा देताना एवढं लक्षात ठेवा की वतनदाराला भरपाई मिळते, कुळाला नाही. माझे आजोबा कूळ होते. तेव्हा पणजोबांच्या किरकोळ भरपाईचं दुःख जरा हळू करा.

उंबरठा

रानजाई, हे लागलं. पण पोस्ट खासदार विकले गेले का यावर होती, म्हणून…

रानजाई

हो हो, विषयाला धरून राहा.

ठेचा_भाकरी

+१ रानजाई. आणि १८२९ ला हक्क दिले कुणी, तर पंतप्रधान वेलिंग्टनने. म्हणजे आपला आर्थर वेलस्ली, १८०३ ला असईच्या लढाईत शिंद्यांना हरवणारा. हाही त्याच आयरिश संसदेतला! १७९० ते ९७, ट्रिमचा खासदार, थोरल्या भावाच्या खिशातली जागा. ग्रॅटनला ट्रिमचा मानद नागरिक करायचा ठराव आला तेव्हा यानेच उभं राहून मोडता घातला.

सरदारांचा_पट्टा

थांबा थांबा. वेलस्ली आयरिश नव्हे, इंग्रज. तो स्वतःच म्हणायचा, तबेल्यात जन्मला म्हणून कुणी घोडा होत नाही.

डब्लिनकर

तो नव्हे. ते आयरिश पुढारी ओकॉनेलने त्याच्याबद्दल म्हटलं, १८४३ मध्ये. इथे शेंबडं पोरही हे वेलिंग्टनच्या नावावर खपवतं, तुम्हाला कशाला दोष देऊ.

सरदारांचा_पट्टा

आभारी आहे. शेंबडं पोर म्हटल्याबद्दलही. मुद्दा असा की असई फितुरीने गेली. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतले ब्रिटिश अधिकारी फोडले, त्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉन तिकडे उत्तरेत शरण गेला. ज्या माणसाने डब्लिनमध्ये खिशातल्या जागेवर बसून राजकारण शिकलं, त्याने इकडे तेच वापरलं. डब्लिन आणि असई एकच धडा!

केळणाकाठ

साहेब, मी तिकडचा. धडा वगैरे पुस्तकात राहू द्या.

२३ सप्टेंबर १८०३. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, पिंपळगाव या काठाला, वरूड त्या काठाला, समोरासमोर. दोन गावं अशी वसली म्हणजे मधे बैलगाडी जायची वाट असणारच. होती. त्यात फितुरी कुठली? हे आमच्या म्हशीलाही माहीत असतं. आणि शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमनच्या कवायती पलटणी पळाल्या नाहीत. गोलंदाज तोफांच्या चाकाशी मेले. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पडली. पुढे वॉटर्लू करूनही तो असईचंच नाव घ्यायचा. आजोबांना नांगरताना शिशाच्या गोळ्या सापडायच्या. त्या आम्ही लहानपणी गोट्या म्हणून खेळलोय, आज्जीने दोन गोळ्या सुताला बांधून भिंत ओळंब्यात आहे का बघायला ठेवल्या होत्या. फितूर म्हणायचं तर जे घोडदळ घेऊन मैदानाबाहेर गेले त्यांना म्हणा, तोफखान्याला नाही.

सरदारांचा_पट्टा

म्हणजे नेतृत्व पळालं. मी वेगळं काय म्हणालो?

केळणाकाठ

तुम्ही 'फितुरीने गेली' म्हणालात. पळणं आणि विकलं जाणं यात फरक असतो. आमच्याकडे पळालेल्याला लोक हसतात, विकला गेलेल्याच्या घरी पाणी पीत नाहीत.

निवृत्त_मास्तर

धाग्याचं पार असई झालं आहे, तेव्हा मीही एक गोळा टाकतो. १८०३ ला शिंद्यांशी दोन आघाड्यांवर लढणारे दोघेही माजी आयरिश खासदार! दख्खनमध्ये वेलस्ली आणि उत्तरेत, दिल्ली-लासवारीला, लेक. जेरार्ड लेक म्हणजे १७९८ चं आयरिश बंड व्हिनेगर हिलवर चिरडणारा, आणि नंतर युनियनच्या मतदानासाठी आर्माच्या जागेवर आणून बसवलेला. इंग्लंडच्या संसदेत तो आधीपासून होताच. उंबरठाराव, आर्माशी याचा काय संबंध? हे विकणं नसेल तर विकत आणणं तरी म्हणाल की नाही?

कॉर्नवॉलिसही आपला ओळखीचा. १७९२ ला श्रीरंगपट्टणला हरिपंत फडक्यांच्या जोडीने टिपूकडून तह लिहून घेणारा तोच. आणि गव्हर्नर जनरल झालेला थोरला वेलस्ली आयरिश लॉर्ड्समधला. टिपूनंतर त्याला मार्क्विस केलं, तर हा रुसला. का? मार्क्विसपद आयरिश होतं. म्हणाला, सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा दिलात! आपल्याच देशाच्या पदवीला बटाटा म्हणणारे हे लोक संसद कशाला वाचवतील?

ठेचा_भाकरी

मास्तर, बटाट्याला दंडवत.

उंबरठा, अजून एक. १९९० च्या दशकात सापडलेल्या कागदांतून निघालंय की लंडनहून गुप्त निधीतले तीस हजारांवर पौंड बेकायदा डब्लिनला आले होते. ही तुमची आदली रात्र.

उंबरठा

माहीत आहे.

ठेचा_भाकरी

माहीत होतं तर मूळ लेखात का नाही लिहिलं?!

उंबरठा

कारण लिहिलं असतं तर तुम्ही एवढंच वाचलं असतं. बरं, घ्या: तीस हजारांपुरते विकले गेले. आता समाधान? पण उघड भरपाई साडेबारा लाखांच्या घरात होती. तिच्यापुढे हे तीस हजार म्हणजे वरची चिल्लर. ती साडेबारा लाखांची रक्कम कायदा करून, राजरोस दिली, आणि त्यात कुणालाच काही गैर वाटलं नाही हे मला जास्त भयंकर वाटतं. शिवाय लाचखोरीच्या ज्या रसभरीत याद्या फिरतात त्या बऱ्याचशा जोना बॅरिंग्टनच्या. स्वतः खासदार, युनियनच्या विरोधात मत देणारा, आणि पुढे न्यायाधीश असताना कोर्टाचे पैसे खाल्ले म्हणून १८३० ला पदावरून काढलेला. साक्षीदार तर बघा.

ठेचा_भाकरी

चोराला चोराच्या वाटा ठाऊक. मला तर त्याच्यावर जास्तच विश्वास बसला.

रानजाई

याच सभागृहात एडवर्ड फिट्झगेराल्डही बसायचा. ड्यूकचा मुलगा, किल्डेअरचा खासदार. तो बंडात उतरला आणि जून १७९८ मध्ये तुरुंगात जखमांनी मेला. पंचाहत्तर प्रतिसाद होतील, त्याचं नाव निघणार नाही, म्हणून मी काढलं. आणि वेलिंग्टनचे गोडवे गाणाऱ्यांसाठी: १८२९ ला त्याने बसायचा हक्क दिला, त्याच झटक्यात चाळीस शिलिंगवाल्या गरीब मतदारांचं मत काढून मताला लागणाऱ्या मालमत्तेची मर्यादा दहा पौंडांवर नेली.

ठेचा_भाकरी

गोडवे नाही हो गायले, ताई. नुसती वस्तुस्थिती सांगितली.

रानजाई

अर्धी.

डब्लिनकर

वातावरण निवळावं म्हणून: ट्रालीचा खासदार सर बॉइल रोश. त्याच्या नावावर सांगतात की पुढच्या पिढ्यांसाठी आपण झळ का सोसायची, त्यांनी आपल्यासाठी काय केलंय? युनियनच्या बाजूने मत, अर्थात.

सरदारांचा_पट्टा

आमच्या नगरच्या किल्ल्यातली चिंच कुणी पाहिली आहे का? किल्ला घेतल्यावर वेलस्ली तिच्याखाली जेवला म्हणतात.

केळणाकाठ

जेवला असेल. असईला यायचं असेल तर सांगा, उतार दाखवतो. पण पाऊस उघडल्यावर या, आत्ता पिंपळगावच्या बाजूला गुडघाभर चिखल आहे. आणि फितुरीचा विषय आज्जीपुढे काढू नका.