मदत हवी आहे: शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते, आता कॉलेजचं पहिलं वर्ष कसं सावरायचं?

नमस्कार मंडळी,

सुट्टीच्या दिवशी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सहा मुलामुलींचं गणित घेते. सगळेच आपापल्या घरातून कॉलेजात गेलेले पहिले. त्यातल्या एका मुलीसाठी विचारतेय.

शाळेतून ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पण शेवटची दोन वर्षं तिथे गणिताची जागा रिकामीच होती, भाषेच्या बाईंनी जमेल तसं पुस्तक संपवलं. (बाईंना बोल लावत नाही, त्यांनी तेवढं तरी केलं.) तिची वही पाहिली. अक्षर सुरेख, एकेक पायरी बरोबर. मी एका गणितात ३ च्या जागी ५ लिहिला आणि तिचं पेन थांबलं. "हे नव्हतं आम्हाला," म्हणाली. अख्खी वही पाठ होती तिची.

आता कॉलेज म्हणतंय, आधी एक सत्र पायाभूत कोर्स कर, मग मूळ गणित. फी पूर्ण, क्रेडिट शून्य. इथेच मुलं गळतात ही मला धास्ती आहे. उद्या तिने सोडलं तर "झेपलं नाही" म्हणून मोकळे होतील सगळे. अहो, तिला शिकवलंच नाही कुणी!

शोधताना न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला प्रयोग वाचला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. पायाभूत बीजगणित लागेल असं ठरवलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. नुसतं पायाभूत बीजगणित घेतलेल्यांपैकी ३९ टक्के पास झाले. ज्यांना थेट पदवीचं संख्याशास्त्र आणि जोडीला दर आठवड्याला आधारवर्ग दिला, त्यांच्यातले ५६ टक्के. वाचून खूप हुरूप आला. पण हिला संख्याशास्त्र नाही, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) घ्यायचंय, आणि तिथे बीजगणित कच्चं असेल तर दुसऱ्याच तासाला अडतं.

कलनशास्त्र चालू असतानाच मागचं बीजगणित भरून काढायचं, हे कुणी केलंय का? आठवड्याला किती तास लागले? सुरुवात कुठून केलीत, अपूर्णांकांपासून की थेट फलनापासून (फंक्शन)? आणि थेट मूळ वर्गात बसू द्या म्हणून कॉलेजला कुणी पटवलं असेल, तर अर्जात काय लिहिलंत तेही सांगा.

पाठांतराची सवय मोडताना मूल खचू नये म्हणून काय करता? परवा चुकलं तर तिने पानच फाडलं.

कोर्सचा फॉर्म भरायला दहा दिवस उरलेत.