हंगेरीतलं ग्योर एवढं मोठं गाड्यांचं शहर कसं काय झालं?

शेंद्र्याचा फिटर:
राम राम मंडळी. माझ्या भाच्याला हंगेरीत ग्योरला काम लागलंय. शेंद्र्यात ऑडी गाड्यांच्या लाइनीवर होतो तेव्हापासून नाव ऐकून आहे, इंजिनं तिकडं बनतात म्हणून. पण लोकवस्ती बघितली तर सव्वा लाखाच्या आसपास, आपल्या जालन्याच्या निम्मी पण नाही. मग एवढ्याशा गावात एवढा मोठा कारखाना काहून टाकला? मजुरी स्वस्त म्हणून?

मोंढ्यावरचा:
दादा मजुरीचा हिशोब होताच, पण ते गाव आधी जालन्यासारखंच मोंढ्याचं. डॅन्यूब नदीनं खालच्या मुलखातला गहू मोठ्या नौकांत भरून यायचा, पुढं व्हिएन्नाकडं पात्र उथळ, म्हणून माल ग्योरलाच उतरायचा, वखारी भरायच्या, मग लहान होड्यांनी वर. अडते गब्बर झाले. 1850 नंतर रेल्वे आली आणि हळूहळू माल उतरायचाच बंद झाला, मोंढा बसला. मग गाव कारखान्यांकडं वळलं, 1896 ला रेल्वे डब्यांचा कारखाना निघाला, तोच पुढं राबा. गावातल्या नदीचंच नाव.

वाळूजकर:
आणि राबातच खरी मेख आहे. डबे, मग ट्रक, ‘मान’ या जर्मन कंपनीच्या लायसन्सवर डिझेल इंजिनं, अ‍ॅक्सल तर अमेरिकेला जायचे, तेही कम्युनिस्ट राजवटीत! 1989 नंतर रशियाकडचं गिऱ्हाईक तुटलं, राबाचा एक हॉल अर्धवट पडून होता, 1993 ला ऑडीनं तोच घेतला न् 1994 ला इंजिनं सुरू. 1998 ला ऑडीची टीटी गाडी जोडायला लागले, 2013 पासून तर अख्खी गाडीच तिथं बनते. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्हीकडं साधारण सव्वाशे किलोमीटर, हमरस्ता दारात, हे खरं, पण रस्ता काय कुठंही बांधता येतो, तीन पिढ्यांचे टर्नर-फिटर कुठून आणणार? माझे वडील 1985 ला वाळूजला बजाज आलं तेव्हाचे. बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या भोकातून, नुसता अंगठा फिरवून सांगायचे अजून किती घासायचं, आणि मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघायचं. तो मायक्रोमीटर अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय घरी.

मोंढ्यावरचा:
तिथल्या विद्यापीठात ऑडीच्या नावानं वेगळी इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, भाच्याला म्हणावं चौकशी कर.

शेंद्र्याचा फिटर:
लै उपकार झाले. पोरगा चिकलठाण्याच्या टूल रूमला शिकलाय, त्याला हे सगळं वाचून दाखवतो. आणि वाळूजकर भाऊ, तो मायक्रोमीटर फडक्यात नका ठेवू, कॅलिब्रेट करून घ्या न् वापरा.