‘विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही’, हे कोणत्या वचनात लिहिले आहे?

वचनवाचक

‘साक्षीदार’ यांनी नुकतेच असे लिहिले आहे की, आजच्या मंडळीत आंधळ्यांना दृष्टी आणि लंगड्यांना पाय मिळत नसतील, तर त्याचे कारण देव बदलला हे नसून आपण विश्वास ठेवायचे सोडले हे आहे; मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असणाऱ्या कोणाच्याही हातून आजही प्रेषितांसारखी अद्भुत कृत्ये घडू शकतात, आणि प्रार्थनेनंतरही जो बरा होत नाही त्याने आपल्या अंतःकरणात डोकावून पाहावे. या विधानाचा पहिला भाग वाचून मी गप्प राहिलो असतो. शेवटचा भाग मात्र इतका निष्ठुर आहे की त्याला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

देव आजही आजाऱ्यांना बरे करतो, यावर माझा विश्वास आहे. मंडळीतील आजाऱ्यांसाठी मीही हात ठेवून प्रार्थना करतो. माझा आक्षेप एवढाच आहे की चमत्कार हा विश्वासणाऱ्याच्या हाती दिलेला अधिकार नाही आणि विश्वास हे त्याचे मोजमाप नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून असलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले हेसुद्धा ठाऊक नव्हते. ज्याला प्रभूने मेलेल्यांतून उठवले, तो लाजर तर कबरेत होता. त्याच्याकडून कोणत्या विश्वासाची अपेक्षा करणार? महायाजकाच्या दासाचा कापलेला कान प्रभूने बरा केला, आणि तो दास येशूला धरायला आलेल्या जमावातला होता.

मोहरीच्या दाण्याचे वचन कोणत्या प्रसंगी आले, तेही आपण विसरतो. झटके येणाऱ्या मुलाला शिष्य बरे करू शकले नाहीत, तेव्हा प्रभूने अल्पविश्वासाबद्दल दोष दिला तो शिष्यांना, मुलाला नव्हे. त्या मुलाचा बाप तर “माझा अविश्वास घालवून टाका” अशी याचना करीत होता, आणि तरीही मूल बरे झाले. मग आज प्रार्थना करणारा मोकळा सुटतो आणि खाटेवर पडलेला आरोपी ठरतो, हे उलटे न्यायदान कोठून आले?

प्रेषित पौलाचेच पाहा. इफिसात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोग्यांवर घातले तरी ते बरे होत असत. त्याच पौलाने आपल्या त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि स्वतःच्या शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती करूनही त्याला मिळाले ते उत्तर “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढेच होते. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्यास ‘साक्षीदार’ तयार आहेत काय?

साक्षीदार

आपली वचने मला पाठ आहेत. आपण मात्र ती सगळी एका बाजूने वेचली आहेत. “जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मी करतो ती कृत्ये करील, आणि त्यांपेक्षा मोठी करील,” हे योहान १४:१२ मधील वचन आपण कोठे ठेवले? नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे थोड्याशा रोग्यांना बरे करण्यापलीकडे प्रभूला काही महत्कृत्य करता आले नाही, हे मार्काने लिहिले आहे, मी नव्हे. “विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील,” असे याकोब लिहितो. ‘कदाचित वाचवील’ असे तो लिहीत नाही.

मी हे पुस्तकातून शिकलेलो नाही. माझ्या वडिलांच्या गळ्यात गाठ होती आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. मंडळीच्या वडीलजनांनी घरी येऊन तेल लावले, हात ठेवले आणि रात्री उशिरापर्यंत प्रार्थना केली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गाठ दिसेना. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या, दोन्हींवरचे नाव पुन्हा पुन्हा वाचून पाहिले, आणि तंत्रज्ञाला बोलावून विचारले की या एकाच रुग्णाच्या आहेत ना. मी तेथे उभा होतो. ज्याने हे पाहिले आहे, त्याला त्रफिमाचे उदाहरण देऊन गप्प करता येणार नाही.

जुनी मंडळी

दोघांनाही मला हेच सांगायचे आहे की चिन्हे आणि अद्भुते प्रेषितांच्या साक्षीवर शिक्कामोर्तब करण्यासाठी होती. इब्री २:३-४ स्पष्ट आहे. शास्त्र पूर्ण झाले आणि ते काम संपले. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉरफिल्ड यांनी १९१८ साली हे सविस्तर मांडले आणि त्यापूर्वी सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विननेही तेच शिकवले होते. जे मार्क १६ मधील “सर्प उचलतील” हे वचन हाती धरतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की मार्काच्या शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्राचीन हस्तलिखितांत नाहीत. त्या वचनांच्या भरवशावर उपासनेत सर्प हाताळण्याची प्रथा ज्यांनी पसरवली, ते अमेरिकेतील जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानेच मरण पावले.

साक्षीदार

चमत्कार संपले असतील, तर चौथ्या-पाचव्या शतकातील धर्मपंडित ऑगस्टीनचे काय करायचे? तरुणपणी तोही आपल्यासारखेच लिहीत होता की अशा गोष्टी आता होत नाहीत. पुढे बिशप झाल्यावर, आपल्या उतारवयातल्या ‘देवाचे नगर’ या मोठ्या ग्रंथाच्या २२ व्या भागात, त्याने स्वतः पाहिलेल्या आणि तपासलेल्या रोगमुक्तींची मालिकाच दिली आहे. कार्थेजमधील इनोसेंटियस नावाच्या माणसाची शस्त्रक्रिया झाली होती, एक जखम खोलवर राहून गेली होती आणि वैद्य पुन्हा शस्त्र चालवणार होते. आदल्या संध्याकाळी तो जमिनीवर पडून हुंदके देत प्रार्थना करीत होता आणि ऑगस्टीन तेथे होता. सकाळी वैद्याने पट्टी सोडून जखम शोधली, तर हाताला लागला तो घट्ट भरून आलेला व्रण. हिप्पो शहरात दोन वर्षांच्या आत अशा सुमारे ७० घटनांच्या लेखी नोंदी झाल्या, असेही तो सांगतो. प्रेषित जाऊन साडेतीन शतके झाली होती. शिवाय अद्भुते करणारे स्तेफन आणि सुवार्तिक फिलिप्प हे बारा प्रेषितांपैकी कोठे होते?

वचनवाचक

ऑगस्टीनबाबत ‘साक्षीदार’ यांचे म्हणणे बरोबर आहे, हे मला नाखुशीने का होईना मान्य करावे लागते. चमत्कार संपले, हे शास्त्रातून सिद्ध होत नाही. परंतु इनोसेंटियसच्या प्रसंगात पुढे काय आहे ते त्यांनी सांगितले नाही. तो मनुष्य भयाने थरथरत होता. आपण आता मरणारच, असे त्याला वाटत होते, आणि स्वतः ऑगस्टीनला तर धड प्रार्थनाही सुचत नव्हती. ‘बरा झालोच’ अशी निःशंक घोषणा तेथे कोणी केलेली नव्हती.

परिचारिका

आपण सर्वजण शास्त्रार्थ करीत आहात, तर मला खाटेजवळचे सांगू द्या, कारण या वादाची किंमत तेथे मोजली जाते. मीही विश्वासणारी आहे आणि अनेक वर्षे रुग्णालयात काम करते.

एका रोगमुक्ती सभेनंतर एका तरुण स्त्रीने इन्सुलिन घेणे थांबवले. तिला कोणी ‘औषध बंद कर’ असे सांगितले नव्हते, हे मी आधीच स्पष्ट करते. तिला सांगितले होते ते असे की तू बरी झालीस हे तोंडाने कबूल कर, आणि लक्षणे दिसली तर ती सैतानाची फसवणूक समज. मग इन्सुलिनची सुई टोचून घेणे म्हणजे ते कबूल केलेले नाकारणेच ठरते. आमच्याकडे आणले तेव्हा तिचा श्वास खोल आणि भरभर चालला होता, त्याला कुजट गोडसर वास येत होता, ओठ कोरडे पडले होते, आणि शुद्ध हरपत असतानाही ती मला “मी बरी आहे” असे सांगत होती. तिची नातलग स्त्री उशाशी उभी राहून “शंका घेऊ नकोस” असे कुजबुजत होती. ती वाचली, कारण शिरेतून सलाईन आणि इन्सुलिन वेळेत सुरू झाले. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता की माझा विश्वास कोठे कमी पडला.

‘साक्षीदार’ यांचे “अंतःकरणात डोकावून पाहावे” हे शब्द वाचताना मला तिचा चेहरा दिसला. ‘प्रकार १’ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. तेथे ‘थोडे दिवस थांबून पाहू’ असे म्हणायला जागाच नसते.

साक्षीदार

हा माझ्यावर घोर अन्याय आहे. मी आयुष्यात कोणालाही औषध सोडायला सांगितलेले नाही. माझे वडील रक्तदाबाची गोळी रोज घेतात. कोणा बेजबाबदार उपदेशकाचे पाप माझ्या माथी मारून आपण माझ्या वडिलांच्या साक्षीलाच खोटे पाडू पाहत आहात.

परिचारिका

आपल्या वडिलांच्या साक्षीबद्दल मी एक अक्षरही लिहिलेले नाही. माझा प्रश्न आपल्या एका वाक्याबद्दल आहे आणि त्याला आपण अजून उत्तर दिलेले नाही. न बरे होण्याचे कारण आजाऱ्याच्या अंतःकरणात असते, असे एकदा शिकवले की औषध सोडायला निराळे सांगावे लागत नाही. आजारी माणूस आपला विश्वास सिद्ध करण्याचा मार्ग स्वतःच शोधतो, आणि त्याला सर्वांत जवळ दिसणारा मार्ग औषधाच्या डबीतून जातो. आपण उपदेश करून घरी जाता. त्याचे परिणाम आम्ही पाहतो.

प्रमाणवादी

मी विश्वासणारा नाही, तरीही ही चर्चा मन लावून वाचत आहे. गळ्यातील गाठीचा तुकडा काढून तपासला होता काय? गळ्यातील काही गाठी संसर्गाने सुजलेल्या असतात, काहींत द्रव भरलेला असतो, आणि अशा गाठी आपोआप ओसरतात. दुसरे असे की २००६ साली अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांत प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर त्रास उद्भवला. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांत हे प्रमाण ५९ टक्के होते. आणि १९८६ मध्ये पीटर पोपॉफ या रोगमुक्ती उपदेशकाला रोग्यांची नावे आणि आजार कानातल्या यंत्रावरून त्याची पत्नी सांगत असल्याचे जेम्स रँडी यांनी उघड केले, हेही येथे कोणी लिहिलेले नाही.

वचनवाचक

पोपॉफबद्दल आमच्यापैकी कोणी एक शब्दही बचावाचा लिहिणार नाही. त्या अभ्यासाबाबत मात्र एवढे म्हणतो की ज्या रुग्णांसाठी ‘प्रार्थना झाली नाही’ असे मानले गेले, त्यांच्या घरच्यांना प्रार्थना करण्यापासून कोणी थांबवलेले नव्हते. अनोळखी लोकांच्या ठरावीक शब्दांतील प्रार्थनेचा परिणाम त्यात मोजला गेला. देव म्हणजे मात्रा वाढवली की गुण वाढणारे औषध नव्हे, आणि हे मी ‘साक्षीदार’ यांनाही तितक्याच ठामपणे सांगत आहे.

साक्षीदार

गाठीचा तुकडा तपासला नव्हता. शस्त्रक्रियेतच तो काढणार होते. त्यामुळे माझी साक्ष आपल्या प्रयोगशाळेत टिकणार नाही, हे मान्य. पण त्या रात्री आमच्या घरात काय झाले, याचा निर्णय प्रयोगशाळा करू शकत नाही.

जपमाळ

तपासणीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आम्हा कॅथलिकांमध्ये फ्रान्समधील लूर्द या तीर्थस्थानी १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. आजार गंभीर असावा, उपचारांनी बरे होण्याचे स्पष्टीकरण देता येऊ नये, सुधारणा अचानक आणि पूर्ण असावी, आणि आजार परत उलटू नये, अशा कसोट्या तेथे लावतात. ७००० हून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याचे कळवले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते केवळ ७० च्या आसपास. ज्या बर्नाडेटला १८५८ मध्ये तेथे मरियेचे दर्शन झाले, ती स्वतः दम्याने आणि क्षयाने खंगून १८७९ मध्ये ३५ व्या वर्षी वारली. तिचा विश्वास कमी पडला, असे आमच्यात आजवर कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही. चर्चने तिला संत घोषित केले.

परिचारिका

‘जपमाळ’ यांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. अमेरिकन ख्रिस्ती लेखिका जोनी एरिक्सन टाडा १९६७ च्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत आहेत. त्या कॅथरीन कुलमन यांच्या रोगमुक्ती सभेला मोठ्या आशेने गेल्या आणि तशाच परतल्या. सभा संपण्यापूर्वीच चाकाच्या खुर्च्यांतील लोकांना बाजूने लिफ्टकडे नेले जात होते, असे त्यांनी सांगितले आहे. व्यासपीठावर साक्ष देणारे सर्वांना दिसतात. लिफ्टपाशी रांगेत बसलेल्या या माणसांशी कोण बोलते?

साक्षीदार

ठीक आहे. “जो बरा होत नाही त्याने आपल्या अंतःकरणात डोकावून पाहावे” हे वाक्य मी मागे घेतो. ‘परिचारिका’ यांच्यासाठी घेतो. ‘जुनी मंडळी’ यांच्यासाठी नव्हे. झटके येणाऱ्या मुलाच्या प्रसंगात दोष शिष्यांवर होता, हे ‘वचनवाचक’ यांचे म्हणणेही मी स्वीकारतो, परंतु मग त्याचा भार ते स्वतःवर का घेत नाहीत? याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवायचे आहे, आणि विश्वासाची प्रार्थना त्या वडीलजनांनी करायची आहे. आपल्या मंडळीतील वडीलजन आजाऱ्याच्या उशाशी गेल्या वर्षभरात किती वेळा बसले? ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द आपण नम्रतेने उच्चारता की प्रार्थना निष्फळ ठरली तर लाज वाटू नये म्हणून?

वचनवाचक

हा प्रश्न योग्य आहे आणि तो मला टोचला. वडीलजनांच्या पुढच्या बैठकीत मी तो मांडणार आहे. पण “देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने तसे न केले तरी आम्ही तुझ्या दैवतांची सेवा करणार नाही,” असे दानीएलाच्या पुस्तकात अग्नीच्या भट्टीसमोर उभे असलेल्या त्या तिघांनी राजाला सांगितले, तेव्हा ‘न केले तरी’ हे शब्द त्यांच्या अविश्वासातून आलेले नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी मी बसेन तेव्हा बरे होण्यासाठी आग्रहाने प्रार्थना करीन, आणि तेच शब्द त्याच्यासमोर मोठ्याने उच्चारीन.

साक्षीदार

उच्चारा. फक्त प्रार्थनेची सुरुवात त्या शब्दांनी करू नका.