बीपी वाढला की खापर पोटावरच का?

सातपूरचा फिटर:
कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १४८/९४ निघाला. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वजन कमी करा." उंची १७० सेंमी, वजन ७९. आमच्या लाइनवरचा एक जण अगदी काडीपैलवान, त्याला माझ्याआधी गोळी लागली. रात्रपाळी, टार्गेट, कँटीनची खारट भाजी यावर कुणी अवाक्षर काढत नाही. जाड माणसाला दटावणं सोपं, एवढंच.

कॉलेजरोडवाली:
बिडी न ओढणाऱ्यालाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, म्हणून बिडी निर्दोष सुटली का? तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा (किलोंना मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं), २७ च्या पुढे आहे. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. आणि तुम्ही एकटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष २५ च्या वर होते. २०१५-१६ मध्ये हेच साधारण २१ आणि १९ होते. वाढलेल्या बीपीचा आकडा पाहा: १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के, बायकांत २१.

सातपूरचा फिटर:
दोन आकडे शेजारी बसवले की नातं जुळतं होय? मोबाइलही वाढलेच की तेवढ्यात.

जुना सिडकोकर:
फिटरभाऊंशी सहमत. रविवारी गंगापूर रोडला मिसळीसाठी रांगा लावणारे सगळे जाडे नसतात. तर्री, वर पापड, घरी आल्यावर चिवडा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. मिठावर बोला, ते बारक्यालाही लागू पडतं. (मिसळ सोडा असं म्हणत नाहीये, नाशिककर आहे मी.)

पंचवटीची सिस्टर:
मीठ आणि पोट यांची भांडणं लावू नका, दोघं एकाच घरात राहतात. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती चरबी साठली की मूत्रपिंडांवर दाब येतो, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. इन्सुलिन वाढलेलं असतं, तेही मीठ बाहेर जाऊ देत नाही. शिवाय रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या नसा सतत चेतलेल्या राहतात. मोबाइलचं म्हणाल, तर वजन उतरवून पाहिलेल्या चाचण्या आहेत: साधारण ५ किलो गेले की वरचा आकडा सरासरी ४-५ ने उतरतो. मोबाइल विकून हे होत नाही.
पण भाऊ, एक विचारते. मोजताना दंडाला कोणता पट्टा लावला? जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतो. कॅम्पमध्ये पुष्कळदा एकच पट्टा सगळ्यांना फिरतो. एका आकड्यावर गोळीही नको आणि बेफिकिरीही नको, दुसऱ्या दिवशी शांत बसून पुन्हा मोजा. आणि टेप घेऊन पोटाचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, ती पोटाखाली नेसतात लोक.

कॉलेजरोडवाली:
हेच म्हणत होते मी.

जुना सिडकोकर:
नाही ताई, तुम्ही फक्त बीएमआय म्हणत होता. काडीपैलवानाचं पोट कोण मोजणार?

पंचवटीची सिस्टर:
त्याचंही मोजा. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे कितीतरी येतात. घोरण्याचंही विचारा. झोपेत श्वास अडखळत असेल तर बीपी त्यानेही चढतो.

सातपूरचा फिटर:
मोजलं. ९९. घोरतो, असं बायको म्हणते. पण सकाळी सातला पाळी सुटल्यावर गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जा म्हणणाऱ्यांनी एक महिना माझी रात्रपाळी करून दाखवा. रात्री दोनला कँटीनमध्ये वडापावाशिवाय काय मिळतं? त्याचा फॉर्म कुठे भरायचा?

कॉलेजरोडवाली:
डबा न्या घरून.

सातपूरचा फिटर:
डबा भरणारीही पहाटे पाचला अंबडला कामाला जाते, ताई.